कार्डांचे कपाट रद्दीत देण्यापूर्वी

प्रश्न : ठाण्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी तीन वर्षांपासून ग्रंथपाल आहे. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी 1983 पासून ग्रंथालयात येणाऱ्या नियतकालिकांतील लेखांची सूची कार्डांवर ठेवली होती. अकरा खणांत मिळून नऊ हजारांच्या आसपास कार्डे आहेत. त्यांतील साधारण निम्मी इंग्रजी लेखांची आणि निम्मी मराठी लेखांची आहेत. 2009 साली ते निवृत्त झाले आणि त्यानंतर एकही कार्ड वाढलेले नाही. आता वाचनकक्षाचे नूतनीकरण होणार असल्यामुळे प्राचार्यांनी कपाट हलवण्यास सांगितले आहे. ‘लेख शोधायला मुले गूगलवर जातात, ही कार्डे पाहतो कोण?’ असे ते विचारतात. वर्षाकाठी पाच-सहा जणांपलीकडे त्या कपाटापाशी कोणी जात नाही, त्यामुळे मला त्यांना ठाम उत्तर देता आले नाही. मात्र गेल्या पावसाळ्यात कांदळवनांवर काम करणारी एक संशोधक विद्यार्थिनी आली. तिला ऑनलाइन काहीच हाती लागले नव्हते, आणि ‘तिवर’ या शब्दाखाली आमच्या खणात तीन मराठी लेखांची कार्डे निघाली. दोन लेख बांधीव खंडांत सापडले, तिसऱ्याचा अंक मिळाला नाही. माझ्या हाताखाली एकच सहायक आहे. लेखसूचीचे काम आम्ही पुन्हा सुरू करावे, की ग्रंथालयांनी आता हे काम सोडूनच द्यावे?
— एक ग्रंथपाल, ठाणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्राचार्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे, आणि ते निम्मे कोणते हे आपल्या कपाटातच दिसते आहे. इंग्रजी लेखांची सूची आपण पुन्हा सुरू करू नये. मराठी लेखांची अवश्य करावी, परंतु सगळ्या नियतकालिकांची नव्हे आणि शक्यतो एकट्याने नव्हे. हे असे का म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण प्राचार्यांपुढे बाजू मांडताना आपल्याला ते उपयोगी पडेल.

आपला प्रश्न गूगलने निर्माण केला असे वाटते, पण तो त्याहून पुष्कळ जुना आहे. अमेरिकेतील येल महाविद्यालयात विद्यार्थी असलेल्या विल्यम फ्रेडरिक पूल यांच्या लक्षात आले, की वादविवादासाठी सामग्री शोधणारे सहाध्यायी रिकाम्या हाताने परत जातात आणि हवे ते लेख मात्र नियतकालिकांच्या खंडांत तसेच पडून असतात. त्यांनी त्या खंडांची विषयवार सूची केली, आणि 1848 साली ती 154 पानांची पुस्तिका म्हणून छापली गेली. पुढे मजकूर इतका वाढला, की एका माणसाच्या आवाक्यात तो राहिला नाही. तेव्हा अनेक ग्रंथालयांनी नियतकालिके आपसांत वाटून घेतली, प्रत्येकाने आपल्या वाट्याची सूची विनामोबदला करून पाठवली आणि 1882 साली त्यांची एकत्रित मोठी आवृत्ती निघाली. 1901 मध्ये विल्सन यांच्या प्रकाशनसंस्थेने ‘रीडर्स गाइड’ हे नियमित सूची-प्रकाशन सुरू केले आणि वर्गणी भरून तयार सूची मिळू लागली. सामान्य वाचनाच्या इंग्रजी नियतकालिकांची कार्डे घरच्या घरी करण्याचे कारण खरे तर तेव्हाच कमी झाले होते. भारतापुरते बोलायचे तर येथील इंग्रजी नियतकालिकांसाठी 1964 पासून ‘गाइड टू इंडियन पीरियॉडिकल लिटरेचर’ निघू लागले, आणि विज्ञानाच्या लेखांचे सार देणारे ‘इंडियन सायन्स अॅब्स्ट्रॅक्ट्स’ इन्सडॉक या संस्थेने 1965 पासून काढले.

म्हणून आपल्या पूर्वसुरींनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या लेखांची कार्डे केली असतील, तर 1983 साली त्यांचे श्रम योग्य ठिकाणी लागले होते, कारण तेव्हा महाविद्यालयात दुसरे साधन नव्हते. आज त्याच साप्ताहिकाचे जुने अंक जेस्टोर या ऑनलाइन लेखसंग्रहावर शोधता येतात, अनुदानित महाविद्यालयांना एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या योजनेमार्फत हजारो इंग्रजी नियतकालिके उघडता येतात, आणि गूगल स्कॉलर 2004 पासून आहेच. संशोधन-नियतकालिके एकाच सामाईक वर्गणीतून देशभरातील संस्थांना खुली करणारी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सरकारी योजना 2025 च्या आरंभी सुरू झाली. तिचा पहिला टप्पा केंद्र व राज्य सरकारच्या संस्थांपुरता असल्यामुळे आपल्या महाविद्यालयाला तिचा लाभ लगेच मिळेल असे धरून चालू नका. परंतु वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते तीवरून कळते. जे काम कोणीतरी आपल्यापेक्षा चांगले करून ठेवले आहे, ते हौसेने पुन्हा करण्यात अर्थ नाही.

येथे मला माझाच एक अनुभव आठवतो आणि तो फारसा अभिमानाचा नाही. नवी मुंबईतील ज्या ग्रंथालयात मी होतो तेथे आम्ही दोघे मिळून व्यवस्थापनशास्त्राच्या एका इंग्रजी नियतकालिकाचा लेखन्‌लेख सूचीत घेत होतो. सलग सहा वर्षे हे काम चालले. त्याच सहा वर्षांत, जागा नाही म्हणून, मराठी मासिके आणि दिवाळी अंक दरवर्षी जूनमध्ये सुतळीने बांधून रद्दीवाल्याच्या काट्यावर चढत होते. त्यांची साधी नोंदही कोणी केली नव्हती. ज्या इंग्रजी लेखांसाठी आम्ही डोळे फोडले ते सगळे पुढे एका विदासंचात (ऑनलाइन डेटाबेसमध्ये) तयार मिळाले, आणि जे अंक वजनावर गेले ते मात्र मला आजतागायत कोठे पुरते मिळालेले नाहीत.

मराठीला विल्सन मिळाला नाही. ‘दर्पण’ 1832 साली निघाले, ‘मनोरंजन’ने 1909 साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि तेव्हापासून आजवर मराठीतील किती तरी महत्त्वाचे लेखन पुस्तकांत न येता नियतकालिकांतच राहून गेले आहे. ग्रंथांच्या बाबतीत शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळाची सूची करून पुढच्या पिढ्यांवर उपकार केले आहेत. काही नियतकालिकांच्या स्वतंत्र सूचीही झाल्या आहेत, आणि आपण हात घालाल त्या नियतकालिकाची अशी सूची आधीच छापलेली आहे का, हे सर्वांत प्रथम पाहावे. परंतु महिन्यामहिन्याच्या अंकांबरोबर पुढे सरकणारी आणि कोणालाही घरबसल्या पाहता येईल अशी मराठी लेखांची सर्वसाधारण सूची आपल्या हाताशी नाही. आपल्या विद्यार्थिनीला ऑनलाइन काही मिळाले नाही, याचे कारण तिचा आळस नव्हे.

‘पण आता मराठी मासिकांचेही पीडीएफ निघतात,’ असे कोणी म्हणेल. त्यांना आपण एक साधा प्रयोग करून दाखवा. श्रीलिपीसारख्या जुन्या धाटणीच्या टंकात जुळवलेल्या अंकाचे पीडीएफ उघडा, त्यातील एक ओळ उचला आणि शोधाच्या चौकटीत चिकटवा. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसणाऱ्या त्या ओळीच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चित्रविचित्र चिन्हे उमटतील. डोळ्याला जे मराठी आहे ते यंत्राला मराठी नाहीच. युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतातही सगळे सुरळीत आहे असे नाही. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील ‘ऱ्य’ दोन वेगळ्या प्रकारांनी टंकता येतो. दिसायला दोन्ही सारखेच असतात, पण एकाने शोधले तर दुसरा सापडेलच याची खात्री नसते. त्यात जुन्या शुद्धलेखनाची भर पडते. 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, परंतु त्याआधीच्या अंकांत ‘गांव’, ‘नांव’, ‘ठाणें’ असेच छापलेले आहे. अशा अंकांची चित्रे घेऊन त्यांतील अक्षरे यंत्राने ओळखली, तरी ‘गाव’ शोधणाऱ्याला ‘गांव’ मिळणार नाही.

मात्र माझ्या मते लेखसूचीचे खरे मोल याहूनही निराळ्या ठिकाणी आहे, आणि ते आपल्या ‘तिवर’ या एका कार्डात आले आहे. त्या विद्यार्थिनीने ‘कांदळवन’ आणि ‘मँग्रोव्ह’ हे शब्द घालून शोध घेतला असणार, कारण आज सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत ‘कांदळवन’ रूढ आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा लेखक ‘खारफुटी’ लिहील, कोळीवाड्यातला माणूस ‘तिवर’ म्हणेल, आणि जमिनीच्या अंगाने लिहिणारा ‘खाजण’ लिहील. शिवाय ललित अंगाने लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकात यांपैकी एकही शब्द नसेल. शीर्षकात फक्त भरती-ओहोटी असेल, नाही तर आजोबांची होडी. लेख वाचून ‘हा मुळात तिवरांवर आहे’ हे ठरवणारा माणूस तेथे बसलेला होता, म्हणून तो लेख सापडला. आपले पूर्वसुरी खरे ग्रंथपाल असतील, तर ‘कांदळवन : पाहा तिवर’ असे एक कार्डही त्या खणात असले पाहिजे. नसेल तर आजच घाला.

आपल्या भागात हा घोळ गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांतही आहे. पालघर हा स्वतंत्र जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्याआधीचे जव्हार, डहाणू, वसई यांवरील लेख ‘ठाणे जिल्हा’ म्हणून नोंदलेले असणार. उरण-पनवेलवरचे जुने लेख ‘कुलाबा जिल्हा’ या नावाखाली असतील, कारण त्या जिल्ह्याचे नाव 1981 मध्ये रायगड झाले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची आहे. त्यापूर्वी वाशी किंवा बेलापूर यांवर कोणी लिहिले असेल, तर ‘नवी मुंबई’ हा शब्द त्यात येण्याचा प्रश्नच नाही. नवी मुंबईचा विद्यार्थी आपल्या गावाचा इतिहास शोधताना जे नाव घालतो, ते नाव त्या लेखांना ठाऊकच नसते. गावाच्या नावाला प्राधान्य द्यावे, जिल्हा दुय्यम ठेवावा आणि जुन्या नावावरून नव्याकडे ‘पाहा’ची नोंद करावी. एवढे केले तरी पुष्कळ काम होते.

लेखकांच्या नावांबाबतही थोडी शिस्त लागते. विभावरी शिरूरकर, मालती बेडेकर आणि बाळूताई खरे ही एकाच लेखिकेची नावे. आरती प्रभू म्हणजेच चिं. त्र्यं. खानोलकर. अंकात छापलेले नाव तसेच नोंदवावे, पण मुख्य नाव एकच ठरवून बाकीची त्याला जोडावीत. या बाबतीत मी हट्टी आहे. सूची करणाऱ्याने ‘वि. वा.’ आणि ‘वि.वा.’ यांतील एका रिकाम्या जागेचीही काळजी केली पाहिजे, कारण यंत्र ती करते.

आता वेळेचा हिशेब. बारा लेखांचे एक मासिक धरले तर वर्षाच्या नोंदी 144 होतात. लेख चाळून, विषय ठरवून, नोंद टंकून ती एकदा तपासायला सरासरी दहा मिनिटे लागतात, म्हणजे एका मासिकाला वर्षाचे चोवीस तास. अशी सहा मासिके घेतली तर 144 तास, आणि वर्षाचे कामाचे दिवस 240 मानले तर रोजची छत्तीस मिनिटे. एका ग्रंथपालाला आणि एका सहायकाला एवढे पेलते. बारा मासिके घेतलीत तर तिसऱ्या महिन्यात काम मागे पडेल आणि सहाव्या महिन्यात बंद होईल. हे मी पाहिलेले आहे. म्हणून यादी छोटी ठेवा.

ती सहा कशी निवडावीत? मी तीनच गोष्टी पाहीन. ते नियतकालिक अन्यत्र सूचीत येत नसावे. त्याचे अंक आपण जपून, बांधून ठेवणार असावे, कारण सूचीने वाट दाखवली आणि फळीवर अंकच नसला तर वाचकाची ती थट्टा होते. आणि त्यातील मजकुराबद्दल आपल्याकडे खरोखर विचारणा होत असावी. यातली तिसरी गोष्ट अंदाजाने ठरवू नका. तीन महिने टेबलावर एक वही ठेवा आणि ज्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर मिळाले नाही तो प्रश्न, तारीख घालून, त्यात लिहा. प्राचार्यांपुढे ती वही नेलीत तर माझ्या या पत्राची गरज पडणार नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत एक पान वाढावे म्हणून मात्र सूची करू नका. तशा सूची समिती गेल्यावर दुसऱ्या दिवशी थांबतात. महाविद्यालयाचे स्वतःचे वार्षिक अंक यादीत निरपवाद घ्या, आणि ठाणे, रायगड, पालघर या पट्ट्यावर लिहिणारे दिवाळी अंकही घ्या. वर्तमानपत्रांच्या कात्रणांत शिरू नका, त्याला अंत नाही.

नोंदीसाठी वेगळी आज्ञावली विकत घेण्याचे कारण नाही. आपल्याकडे कोहा ही ग्रंथालयाची आज्ञावली असेल तर त्यात लेखाची स्वतंत्र नोंद करून ती 773 क्रमांकाच्या क्षेत्रातून मूळ नियतकालिकाला जोडता येते, आणि मग लेख पुस्तकांच्याच तालिकेत शोधता येतो. विद्यार्थ्याला दुसरे दार उघडावे लागत नाही. ई-ग्रंथालय ही आज्ञावली वापरत असाल तर त्यातही लेखांच्या नोंदीची सोय आहे. यांपैकी काहीच नसेल तर साधी एक्सेलची तालिका चालेल. तिच्यात लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष आणि अंक, महिना, पृष्ठे आणि जास्तीत जास्त तीन विषय एवढे रकाने पुरेत. अनुक्रमणिकेचे छायाचित्र काढून फोनकडून अक्षरे वाचून घेतली तर टंकन वाचते. पण पृष्ठांक छापील अंकाशी ताडून पाहिल्याखेरीज नोंद पक्की करू नये, कारण देवनागरी १ आणि ९ यांत यंत्र हमखास चुकते. लेखाची माहिती सूचीत देण्यास कोणाची परवानगी लागत नाही. अख्खा लेख स्कॅन करून संकेतस्थळावर चढवणे मात्र वेगळे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे उत्साहाच्या भरात ते करू नये.

एकट्याने करू नये असे वर म्हटले, त्याचा मार्ग पूल यांनी दाखवलेलाच आहे. ठाण्यापासून वाशी-नेरुळपर्यंत किती तरी महाविद्यालये पुष्कळशी तीच मराठी मासिके घेतात. चार ग्रंथपालांनी एकत्र बसून मासिके वाटून घेतली, रकाने सारखे ठेवले आणि दर तीन महिन्यांनी तालिका एकमेकांना पाठवल्या, तर प्रत्येकाच्या रोजच्या छत्तीस मिनिटांत चोवीस मासिकांची सूची हाती येईल. यासाठी करारनामा, समिती, उद्‌घाटन यांपैकी कशाचीही गरज नाही. विषयशब्दांची एक सामाईक यादी तेवढी हवी, आणि ती कोणा एकाच्या ताब्यात हवी. नाही तर एकाकडे ‘तिवर’ आणि दुसऱ्याकडे ‘खारफुटी’ होऊन सगळे मुसळ केरात जाईल.

राहिले कपाट. इंग्रजी कार्डांपैकी ज्या नियतकालिकांचे लेख आता विदासंचांत आहेत, त्यांची कार्डे निःशंकपणे काढून टाका. त्यांत एखादे बंद पडलेले स्थानिक इंग्रजी नियतकालिक असेल तर ते तेवढे बाजूला ठेवा. मराठी साडेचार हजार कार्डे टंकून घ्यायची आहेत. कार्डामागे तीन मिनिटे धरली तर 225 तास होतात, आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेतील दोन विद्यार्थी एका वर्षात ते सहज करतील. खण हलवण्यापूर्वी प्रत्येक खणाची कार्डे क्रमाने छायाचित्रित करून घ्या. खालच्या भोकातून जाणारी सळई काढू नका, कारण हलवाहलवीत एक खण उपडा झाला की पंचवीस वर्षांचा क्रम जमिनीवर पसरतो. 2009 पासूनची पोकळी भरण्याच्या मागे आधी लागू नका. चालू वर्षाच्या जानेवारीपासून आरंभ करा आणि परीक्षेच्या काळात, ग्रंथालय ओस असते तेव्हा, एकेक वर्ष मागे जा.

टंकताना ज्या कार्डाचा अंक आपल्या फळीवर नाही ते कार्ड गाळू नका, फक्त ‘अंक नाही’ असे लिहा. आपल्या विद्यार्थिनीचा तिसरा लेख अशाच कार्डावर आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात तो अंक आहे का, हे एकदा विचारून पाहा. ती संस्था 1893 पासूनची आहे. तेथे नसेल तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पाहता येईल. मिळाला तर तिला कळवाच, आणि तो कोठे मिळाला ते त्या कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवा.